गिऱ्हाईक यायच्या आधी

दलाल लू पहिल्यांदा घर बघायला आला तेव्हा त्याने बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. चार जिने चढून त्याला धाप लागली होती, पण ती न दाखवता त्याने आधी हॉल पाहिला, मग स्वयंपाकघर, मग मोरी, आणि आतल्या खोलीच्या दारात येऊन थबकला. तिथे दवाखान्यातल्यासारखा लोखंडी पलंग होता आणि पलंगावर सू-लानचा नवरा किम-थाई उशीला टेकून बसलेला होता.

"घर वाईट नाही, ताई," हॉलमध्ये परत येऊन लू म्हणाला. "पण गिऱ्हाईक उंबऱ्यात पाय टाकतं ना, तेव्हाच त्याच्या मनाचं ठरतं. पुढचं सगळं नुसतं बोलणं. म्हणून सांगतो, घरात उजेड पाहिजे. वास नको. पसारा नको."

"उजेड कुठून आणू? महिनाभर ऊन नाही कीलुंगला."

"मोठे बल्ब लावा. दिवसासुद्धा चालू ठेवा." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि आणखी एक. दाखवायच्या वेळी दादा घरात नसले तर बरं."

आतून सावकाश, जडशीळ आवाज आला. "नसले, म्हणजे कुठे गेले? वर का खाली, ते सांगा. त्याप्रमाणे चपला घालतो."

लू ओशाळला. सू-लान मात्र हसली नाही. झटक्याने किम-थाईचं उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती, पण कान पहिल्यापेक्षा तिखट झाले होते, आणि त्या घरात कुजबुजून काही बोलणं कधीच बंद पडलं होतं.

किम-थाईने उभी हयात कीलुंगच्या बंदरावर क्रेन चालवली. उंचावरच्या त्या काचेच्या खोलीत बसून तो जहाजांच्या पोटातून पेट्या उचलायचा आणि खाली उभ्या माणसांना मुंग्या म्हणायचा. सू-लान मासळीबाजारात एका दुकानी माशांचे गोळे वळायची. पहाटे जायची, दुपारी परत यायची, अंगाला वास घेऊनच. टेकडीच्या अंगावर बांधलेल्या या पाच मजली इमारतीतलं चौथ्या मजल्यावरचं घर त्यांनी तरुणपणी घेतलं, ते स्वस्त होतं म्हणून. चौथा म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, त्यांच्या बोलीत तो आकडाच कानाला ‘मरण’ या शब्दासारखा लागतो. किम-थाई तेव्हा म्हणाला होता, मी रोज यापेक्षा उंच चढतो, मला काय धाड भरलीय.

झटक्यानंतर तो दवाखान्यातून या घरात आला आणि वरच राहिला. लिफ्ट नाही. जिना इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. जिना चढणारं यंत्र घेऊन दोन माणसं येतात, पण त्यांना आधी सांगून ठेवावं लागतं, आणि त्यांची पाळी मिळते ती दवाखान्याच्या फेरीपुरती. बाकी वेळ किम-थाईला उचलणं, वळवणं, पुसणं, भरवणं एकट्या सू-लानवर होतं. गोळे वळायचं काम सुटलं. त्या पावसाळी हिवाळ्यात तिचा डावा खांदा असा धरला की केसांना कंगवा लावायला हात वर जाईना.

मुलगी या-वेन दुसऱ्या गावी, चुंगलीला राहायची आणि तिथल्या कारखान्यात पाळीवर जायची. तिनेच फोनवर विषय काढला. "आई, माझ्या गल्लीत तळमजल्याचं घर निघालंय. लहान आहे. पण दारातून खुर्ची सरळ रस्त्यावर जाते. तिकडचं विका आणि या."

"तुझ्या बाबांना विचारते."

"बाबांना विचारून काय होणार? ते म्हणतील, नाही."

किम-थाई नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, "तुझा खांदा गेला की मला कोण उचलणार? विक."

आणि मग ते विकण्याजोगं करायचं काम सुरू झालं.

हातात पैसे म्हणाल तर बाजारातल्या बायकांच्या भिशीत तिचा नंबर लागला होता, तेवढेच. रंगाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून तिने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग हार्डवेअरच्या दुकानातून पांढऱ्या रंगाचा एक डबा, थोडी पुट्टी, पॉलिश पेपर आणि मोठे बल्ब आणले. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीकडून चढायचा लाकडी घोडा मागून आणला. बाकी सगळं हाताने.

देवघराच्या वरचं छत उदबत्त्यांच्या धुराने काळंकुट्ट झालं होतं. लू म्हणाला होता, देवघर झाकता आलं तर बघा, आजकालच्या पोरांना नको असतं. ती म्हणाली, "देव बसलेत तिथे बसतील, आम्ही जाईपर्यंत. माणसांना हलवताना माझा जीव जातोय, देवांना कुठे हलवू?" पण छत तिने पुसलं. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, साबणाच्या पाण्याचं फडकं उजव्या हाताने वर घासत. काळं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. मान आखडली की खाली उतरायची, किम-थाईची कूस बदलायची, परत चढायची.

"डाव्या कोपऱ्यात राहिलंय," किम-थाई पलंगावरून सांगायचा. त्याला दारातून तेवढंच छत दिसायचं.

"तू गप्प बस. क्रेनमध्ये बसल्यासारखा हुकूम सोडतोयस."

"क्रेनमध्ये मी हुकूम ऐकायचो. सोडणारे खाली असायचे."

स्वयंपाकघरातल्या फरशांच्या फटी तिने जुन्या ब्रशाने घासल्या. मोरीत ब्लीचिंग पावडर टाकून दार लावून घेतलं आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून बाहेर बसून राहिली. जुनी मासिकं, मोडके पंखे, या-वेनचं शाळेचं दप्तर, किम-थाईचे कामावरचे जड बूट, सगळं भंगारवाल्याला दिलं. बुटांच्या वेळी तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "दे. आता त्यात पाय घालायला मला दोन माणसं लागतील."

खरं दुखणं होतं ते हॉलच्या बाहेरच्या भिंतीचं. ती भिंत समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या अंगाला. हिवाळाभर पाऊस तिच्यावर झोडपायचा आणि आतून तिला लोणा लागायचा. रंगाला फोड यायचे, पोपडे सुटायचे आणि त्याखालून पांढरी, मऊ, मिठासारखी भुकटी बाहेर यायची. सू-लानने ते सगळं पत्र्याने खरवडलं, पुट्टी भरली, घासलं, दोन हात रंग दिला. भिंत अशी दिसायला लागली की तिला स्वतःलाच नवल वाटलं. आठवडा गेला नाही तोच खालच्या अंगाला पुन्हा फोड आले, भाजलेल्या कातडीसारखे. तिने ते परत खरवडले आणि या वेळी कपडे ठेवायचं कपाट ढकलत नेऊन त्या जागेवर उभं केलं. ढकलताना खांद्यात अशी कळ आली की ती कपाटाला पाठ लावून तशीच जमिनीवर बसली.

"पडलीस?" आतून विचारणा झाली.

"बसलेय."

"मग बस जरा."

पहिलं गिऱ्हाईक लूने तैपेईहून आणलं. नवीन लग्न झालेलं जोडपं आणि मुलीची आई. तो दिवस यंत्रवाल्यांनी कसाबसा दिला. त्यांनी किम-थाईला पट्ट्यांनी बांधून एकेक पायरी खडखडत खाली नेलं आणि इमारतीच्या तोंडाशी, स्कूटर दुरुस्तीच्या दुकानाच्या पत्र्याखाली चाकाच्या खुर्चीत बसवलं. अंगावर रेनकोट, डोक्यावर लोकरीची टोपी. वर सू-लानने लोखंडी पलंगावर फुलाफुलांची चादर घातली, कमोडची खुर्ची गच्चीच्या जिन्यात लपवली, आल्याचे तुकडे टाकून पाणी उकळलं म्हणजे औषधांचा वास मरेल, आणि सगळे बल्ब लावले.

मंडळी आली. मुलीला खिडकी आवडली. खिडकीतून दोन इमारतींच्या मधून बंदराचा तुकडा दिसायचा. नवरा मोबाईलवर फोटो काढत होता. मुलीच्या आईने मोरीतला नळ सोडून पाहिला आणि मान हलवली. लूने जाताना सू-लानकडे बघून डोळे मिचकावले. तिने दार लावलं आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं की सुटलो आपण यातून.

थोड्या वेळाने लूचा फोन आला.

"ताई, दादांना कुणी बोलायला सांगितलं होतं?"

"काय झालं?"

"मुलीची आई खाली त्यांच्याशी बोलली. विचारलं, आजोबा, इथेच राहता का, इमारत कशी आहे. दादांनी सगळं सांगितलं. चौथ्या मजल्याची भिंत हिवाळ्यात घाम गाळते, कपाटामागे बघा म्हणाले. ते बघायलासुद्धा ती लोकं वर परत आली नाहीत. गाडीत बसून गेली."

यंत्रवाल्यांनी किम-थाईला वर आणलं. सू-लानने त्याचा ओला रेनकोट काढला. पाय कोरडे केले. कपडे बदलले. फुलाफुलांची चादर ओढून काढली आणि खालचं रबरी कापड नीट केलं. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"तुला इथेच मरायचंय का?"

"नाही."

"मग कशाला सांगितलंस? तुला कुणी भिंतीचं विचारलं होतं?"

"इमारत कशी आहे विचारलं."

"चांगली आहे म्हणायचं. दोन शब्द. मी विचारते, दुखतंय का, तर मूग गिळून बसतोस. आणि परक्या बाईला कपाटामागचं सांगतोस."

किम-थाईने डाव्या हाताने तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली. त्याला वाक्य जुळवायला वेळ लागायचा, आणि ती घाई करत नसे.

"चांगलंही सांगितलं," तो म्हणाला. "खिडकीचं सांगितलं. भाजी कुठे स्वस्त, कुठली पायरी निसरडी, सांगितलं. बाई उभी राहून ऐकत होती. छत्री धरून. किती दिवसांनी मी खाली गेलो, सू-लान. रस्ता दिसला. आणि कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं. औषध घेतलं का, असलं नाही. मला माहीत असलेलं काहीतरी. मग मी बोलत राहिलो. बोलता बोलता भिंतही आली."

सू-लानला रागवायचं होतं. दिवसभराचा राग तिने त्यासाठीच राखून ठेवला होता. पण राग करायलाही अंगात काही लागतं, आणि ते उरलं नव्हतं. तिने उठून भात लावला.

त्यानंतर नवीन वर्ष आलं आणि गेलं. या-वेन आली, तिने पडदे बदलले, आईच्या खांद्याला मलम चोळलं, दोन दिवसांनी पाळीवर परत गेली. लू फूटभर उंचीच्या प्लायवूडच्या फळ्यांची टूम घेऊन आला. फळ्या लावायच्या, वरून चिकटकागद, भिंत दिसायलाच नको. सू-लानने दुकानात जाऊन फळ्यांची चौकशी केली, एक फळी उचलून पाहिली आणि तिथेच ठेवून आली. गिऱ्हाइकं अधूनमधून येत राहिली. कुणाला जिना नको होता, कुणाला चौथा मजला नको होता. प्रत्येक वेळी चादर घाला, कमोड लपवा, आलं उकळा, नवऱ्याला खाली पाठवा. यंत्रवाले मिळाले नाहीत तर येणाऱ्यांना पुढची तारीख द्या, आणि मग ती माणसं परत येत नाहीत.

फान यी-च्युन आली ती ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, शहर बसची ड्रायव्हर. तिची पाळी बदलली होती आणि लूला कळवायचं राहून गेलं होतं. सू-लानने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात रबरी मोजे होते. आतून पातळ भाताचा आणि आणखी कशाकशाचा वास येत होता. हॉलमध्ये कमोडची खुर्ची मधोमध होती. एकही बल्ब लावलेला नव्हता.

"मी जिन्यात थांबते," फान म्हणाली. "तुमचं आवरू द्या."

सू-लानने मागे वळून घराकडे पाहिलं. आवरायला लागलं तर कुठून लागायचं? आणि त्या बाईने ओल्या जिन्यात उभं राहून काय बघायचं?

"या आत," ती म्हणाली. "आता काय आवरणार? त्याला भरवायचं चाललंय. तुम्ही बघून घ्या."

फानने बूट काढले आणि मोजक्या पावलांनी घर पाहिलं. खिडकीपाशी ती फारशी रेंगाळली नाही. बंदर ती रोज बसमधून बघत होती. विजेचे बोर्ड बघितले, खिडक्यांच्या चौकटी दाबून पाहिल्या. आतल्या खोलीच्या दारात आली तेव्हा तिने वाकून नमस्कार केला.

"दादा, एक विचारते, राग मानू नका. इथे कुणी गेलंय का?"

"अजून नाही," किम-थाई म्हणाला. "तुम्हाला घाई आहे का?"

फान हसली. मोठ्याने, पोटातून. त्या घरात असं कुणी हसल्याला फार दिवस झाले होते. सू-लानच्या हातातला चमचा तसाच राहिला.

मग फान हॉलमध्ये परत आली आणि भिंती बघू लागली. एकेक भिंत, सावकाश, हात फिरवून. सू-लान दारातून तिच्याकडे बघत होती. ती बाई आता कपाटापाशी येणार, मग थांबणार, मग वाकणार. आतापर्यंत प्रत्येक गिऱ्हाईक त्या कपाटाजवळ गेलं की सू-लान त्याला खिडकीकडे वळवायची, आणि ते पुढे सरकलं की ती श्वास सोडायची. आज तिला ते वळवणंही नको होतं आणि सोडलेला श्वासही. तिने वाटी ठेवली.

"ते कपाट ओढायला जरा हात द्या," ती म्हणाली. "माझा खांदा चालत नाही."

दोघींनी मिळून ते ओढलं. मागे सगळं पुन्हा फुटून आलं होतं. पोपडे जमिनीवर पडले होते आणि भिंतीच्या तळाशी पांढरी भुकटी साचली होती. फानने बोट लावलं, चिमटीत चुरून पाहिलं.

"कितीदा रंगवलंत?"

"मोजलं नाही."

"मी राहते तिथे याहून वाईट आहे. तिथे तर गादीखाली ओल येते." फानने बोटं पँटला पुसली. "पण ताई, याचे पैसे मी भावातून कापणार. बाहेरून काम करावं लागेल, परांची बांधून."

"कापा."

आतून खोकला आला. "पायरीचं सांग," किम-थाई म्हणाला.

"कुठल्या पायरीचं?"

"तिसऱ्या मजल्यावरची. निसरडी आहे."

लूचा त्या दिवशी फोनवर नुसता त्रागा. एवढं कमी कशाला कबूल केलंत, ताई, मला विचारायचं तरी. या-वेनसुद्धा म्हणाली, "आई, उन्हाळ्यापर्यंत थांबली असतीस तर भिंत सुकली असती. जास्त मिळाले असते."

"थांबायला जे लागतं ना, ते माझ्याकडे राहिलं नाही, बाळ," सू-लान म्हणाली. "तळमजला येतोय ना तेवढ्या पैशांत? मग झालं."

तेवढ्यात आला. जेमतेम.

कागद झाले. देवळातला माणूस येऊन पंचांगातला दिवस बघून देव आणि पितरांच्या नावाच्या पाट्या लाल कापडात गुंडाळून घेऊन गेला, ते आधी चुंगलीला पोचले. मग सामान. सामान फारसं नव्हतंच. शेवटी किम-थाई. यंत्र खडखडत एकेका मजल्यावर थांबलं तेव्हा प्रत्येक दारात माणसं उभी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीने त्याच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी ठेवली. कोणी फार बोललं नाही. किम-थाई डोळे मिटून बसला होता. सू-लानला वाटलं तो रडतोय, पण खाली पोचल्यावर तो म्हणाला की त्याला चक्कर येत होती.

किल्ल्या द्यायला ती फानबरोबर एकदा परत वर गेली. रिकाम्या स्वयंपाकघरात फान जरा घुटमळली.

"ताई, एक सांगते. हा ओटा आणि या फरशा मी काढून टाकणार आहे. कारागिराशी बोलणं झालंय. तुम्ही एवढ्या घासल्यात, मला कसंतरीच वाटतंय."

सू-लानने फरशांकडे पाहिलं. फटी दातांसारख्या पांढऱ्या होत्या. असं स्वयंपाकघर तिला इतकी वर्षं मिळालं नव्हतं, आणि विकताना मिळालं.

"काढा," ती म्हणाली. "माझ्याकडे पैसे असते तर मीच केव्हाची काढली असती."

चुंगलीचं घर लहान होतं. समोर गल्ली, गल्लीत स्कूटरी, पलीकडे शाळेची भिंत. पलंग दाराजवळ लावला होता. पहिले दोन दिवस सू-लान खोकी उघडत राहिली, या-वेन कामावरून आली की मदत करायची आणि तिथेच खोक्यांवर बसून झोपून जायची. तिसऱ्या दिवशी दुपारी सू-लान जेवणाची भांडी बाजूला सारून किम-थाईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत टेकली. जरा पाय लांब करू म्हणून.

जाग आली तेव्हा गल्लीत दिवे लागले होते. शाळेची मुलं केव्हाच घरी गेली होती. तिची मान वाकडी झाली होती. किम-थाई टक्क जागा होता आणि छताकडे बघत होता. तिने सवयीने त्याच्या खाली हात घातला. सगळं भिजलेलं, गार झालेलं. फार वेळ झाला असणार.

"हाक का नाही मारलीस?"

"झोपली होतीस."

"मग काय झालं? असा ओल्यात पडून राहिलास? एवढंही कळत नाही?"

"कळतं," किम-थाई म्हणाला.

ती उठली. गरम पाणी आणलं. त्याला कुशीवर वळवलं, पुसलं, कोरडे कपडे घातले. चादर ओढून घेताना तिला जाणवलं की खांदा रोजच्यापेक्षा कमी दुखतोय. ओली चादर बादलीत टाकून तिने दिवा लावला आणि रात्रीसाठी तांदूळ धुवायला घेतले.